उबेच्या कपाटाशी बोलणारी

तळवड्याच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळतो. तिथं पोरापोरींची एक टीम एका स्पर्धेसाठी जिवाणूंमध्ये फेरफार करून ट्रेमध्ये चामड्यासारखा पापुद्रा वाढवत होती. त्यातली लातूरकडची एक पोरगी रविवारीही एकटीच यायची. माणसांशी तिचं बोलणं हो-नाही इतकंच. पण ट्रेवरचं झाकण उचललं की सुरू व्हायची, "काय हो बायांनो, साखर कमी पडली का तुमाला?" निघताना, ते ट्रे ज्यात ऊब देऊन ठेवायचे त्या उबेच्या कपाटावर हात ठेवून म्हणायची, "येते बरं का." शेजारी मी उभा असायचो. मला कधी म्हणाली नाही. रागच यायचा.

स्पर्धा संपली. असले जिवाणू नियमानं नंतर जिवंत ठेवता येत नाहीत, वाफेच्या मोठ्या कुकरात मारावे लागतात. बाकीची पोरं नोकरीच्या मुलाखतींना गेलेली. तिनंच ट्रे आत ठेवले, झाकण आवळलं आणि वाफ सुटेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग रिकामं कपाट पुसून बंद केलं. दारात पहिल्यांदाच माझ्याकडं वळली.

"जाते, काका."

निघताना असं कुणी म्हणतं का?

"येते म्हन की, पोरी," मी म्हणालो, तोवर ती जिना उतरली होती.

मी उगाचच त्या रिकाम्या कपाटाचं बटण पुन्हा चालू केलं.