अल्सिदचा उजवा चवडा

माझ्या भाचीचा, ऑर्तांसचा नवरा अल्सिद सोनिए याची कंबर बारा वर्षं दुखत होती आणि त्याचं कुणालाच नवल नव्हतं. कॅनडातल्या सेंट मेरी उपसागराच्या आमच्या काठावर सगळे पुरुष शेवंडं पकडायचे ओले, जड पिंजरे उचलतात. ज्याची कंबर दुखत नाही त्याच्याकडेच लोक संशयाने बघतात. दवाखाना चालवणारी नर्स रोझलीन ही अल्सिदची शाळासोबतीण. तिने त्याला व्यायाम लावून दिले होते. उन्हाळ्यात तो ते करी आणि हंगाम लागला की सोडून देई. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणे, "पाठ उघडली की माणूस कायमचा किनाऱ्यावर बसला."

त्या वर्षी मात्र दुखणं कंबरेतून उजव्या पायात उतरलं. महिनाभर त्याला धड बसवेना. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो हसतच स्वयंपाकघरात आला.

"मावशी, पाय दुखायचा थांबला! सांगत होतो ना, आलं तसं जाईल."

आम्हीही भाबड्या. ऑर्तांसने किसलेल्या बटाट्यांत कोंबडी घालून मोठी परात भट्टीत सारली आणि जेवणं झाल्यावर अल्सिदने व्हायोलिन काढलं.

आमच्याकडे वाजवणारा खुर्चीत बसतो आणि ताल त्याचे पायच धरतात. टाच, चवडा, टाच, चवडा, असे दोन्ही पाय लाकडी जमिनीवर बोलतात. दुसऱ्याच धुनेला माझ्या कानाला खटकलं. उजव्या पायाची टाच पडत होती, पण चवड्याचा ठोका येतच नव्हता.

"अरे, उजवा पाय झोपला की काय तुझा?"

"बूट सैल आहेत, मावशी."

"कुठले बूट? मोज्यांवर बसलायस तू!" ऑर्तांस म्हणाली.

त्याने चवडा उचलून दाखवायला पाहिलं. बोटं जेमतेम थरथरली. त्यांची मुलगी मिरेय त्याच्याच बोटीवर काम करते. ती हसली नाही. "बाबा, धक्क्यावर सारखा अडखळतोस तू हल्ली. मला वाटलं, वय झालं."

आठवड्याने, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, हंगामाचे पहिले पिंजरे समुद्रात टाकायचे होते. त्या पहाटे सगळ्या बोटी एकदम निघतात. पिंजरा पाण्यात ढकलला की त्याचा दोर पायांजवळून सणसणत धावतो. दोराच्या वेढ्यातून पाऊल वेळेवर उचललं नाही, तर पिंजऱ्यामागोमाग माणूसही जातो.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं. बायकोसमोर तो थापा मारतो, माझ्यासमोर धजत नाही.

रोझलीनने त्याला टाचांवर चालायला लावलं. डावा चवडा वर राहिला, उजवा फटकन जमिनीवर आपटला. मग तिने सरळच विचारलं, "लघवी अडते? नकळत होते? शौचाचा ताबा सुटतो? बैठकीची जागा, मांड्यांच्या मध्ये, बधिर वाटते?"

अल्सिद कानापर्यंत लाल झाला. "मावशी बसलीय इथे!"

"मावशीने चार पोरं वाढवलीत. उत्तर दे."

"नाही. यातलं काही नाही."

"झालं तर मला फोन करत बसू नकोस. रात्र असो, वादळ असो, थेट इस्पितळ गाठायचं."

"म्हणजे ऑपरेशन?"

"बारा वर्षं कण्हतोयस, मी एकदा तरी सर्जनकडे पाठवलं? नुसती दुखणारी कंबर बहुतेकदा हालचालीने, व्यायामानेच सावरते. पण आता पायाची ताकद चाललीय. दुखायचं थांबलं म्हणून नाचलास ना? शीर गप्प झालीय बाबा, बरी नाही झाली. सर्जनला बघू तर दे. कापायचं की नाही ते नंतरचं."

तिने फोनवर भांडून त्याच आठवड्यात स्कॅन करवला आणि हॅलिफॅक्सच्या सर्जनची वेळ मिळवली. ती नेमकी त्याच सोमवारची.

धक्क्यावरचे मित्र म्हणाले, "आधी पिंजरे टाक, मग जा. सर्जन काय पळून जातोय?" अल्सिदलाही तेच हवं होतं. शनिवारी त्याने बोटीवर जायचे कपडे बाहेर काढले.

मिरेय म्हणाली, "बोट मी नेते. मामेभाऊ येतोय सोबत."

"आणि मी काय बायकांबरोबर मोटारीतून फिरू?"

"तू बोटीवर आलास तर मी समोर समुद्राकडे बघू, की तुझ्या पायाकडे?"

शेवटी कपडे परत खुंटीला टांगून त्याने तिला समजावायला सुरुवात केली. कुठल्या खडकापासून लांब राहायचं, कुठे पाण्याला ओढ जास्त, सगळं. ती म्हणे, "माहितीय." तो म्हणे, "तरी ऐक."

सोमवारी बोटी निघाल्या तेव्हा आम्ही हॅलिफॅक्सच्या रस्त्यावर होतो. सर्जन तरुण बाई होत्या. मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा शिरेवर बसला होता. त्या म्हणाल्या, "लवकर काढलेला बरा. पाय सुधारेल असं वाटतं, पण हमी देत नाही. कंबर मात्र दुखेलच, तिच्यासाठी व्यायाम." अल्सिदला ते आवडलं. म्हणाला, "फसवत नाही ही." त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

मार्चमध्ये तो चवडा पुरता उचलू लागला. एप्रिलच्या अखेरीस बोटीवर जायची परवानगी मिळाली, ओझं न उचलण्याच्या अटीवर. आता तो शेवंडांच्या नांग्यांना रबरी पट्ट्या चढवतो आणि मिरेय सुकाणू धरते. बोट कुणाची, यावर दोघांचं रोज भांडण होतं, आणि ते धक्क्यापर्यंत ऐकू येतं.