नदी नसलेले देश

नकाशेकाकांनी नोकरीची तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखण्यात घालवली आणि नंतरची सहा कुठेच नसलेल्या देशांच्या. "हे काम बरं," ते म्हणायचे, "या देशांतले शेजारी भांडत माझ्या दारात येत नाहीत."

मोजणी ऑफिसातून ते निवृत्त झाले तेव्हा मुलीने त्यांना पाटीएवढा टॅबलेट आणि त्यावर चालणारा पेन आणून दिला. आठवडाभर काकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग हात लावला तो सोडवेना. डोंगर एका थरावर, जंगल दुसऱ्यावर, गावांची नावं तिसऱ्यावर. चुकलं तर तेवढाच थर पुसायचा, बाकीचा देश शाबूत. शाईच्या दिवसांत एक थेंब सांडला की अख्खा कागद बाद व्हायचा, त्यामुळे ही सोय त्यांना फारच मानवली. अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका लेखिकेने त्यांचं काम पाहिलं, आणि तिच्या तीन पुस्तकांचे देश काकांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर जन्माला आले.

काका खोट्या देशालाही खऱ्याचे नियम लावत. पाणी चढावर जाणार नाही. उपनद्या येऊन मिळतील, पण नदीला वाटेत उगाच फाटे फुटणार नाहीत. डोंगराच्या एका अंगाला पाऊस असेल तर दुसरं अंग कोरडं. लेखिकेने एकदा राजधानी उघड्या खडकावर नेऊन बसवली तेव्हा त्यांनी तोंडावर विचारलं, "बाई, तुमचा राजा पाणी कुठलं पितो?" राजधानी निमूटपणे चाळीस मैल सरकली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा चुगली केली ती कपाने. तो बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, कागदावर गोल काढायला लावले आणि म्हणाले, "हे सावकाश वाढणार. औषधाने थोडं लांबेल, जाणार नाही." 

आणि त्याच महिन्यात काढलेला किनारा पाहून लेखिका वेडी व्हायची बाकी राहिली. "काका, इतका खरा किनारा! बारीक बारीक खाचा, खाड्या, सगळं कसं आपोआप झाल्यासारखं. काढलात कसा?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण स्तुती कोणाला नको असते? "हात सैल सोडायचा," काका ऐटीत म्हणाले. पुढे त्यांच्याकडे नकाशे शिकायला येणाऱ्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. बिचारे तासन्‌तास मनगटं झटकत बसायचे, त्यांतली सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी तर सर्वांत जास्त, आणि आत स्वयंपाकघरात काकू ओठ घट्ट मिटून भांडी पुसत राहायच्या.

नदीला मात्र सैल हात चालत नाही. ती डोंगरात केसासारखी बारीक सुरू होते, उतरता उतरता रुंदावते, आणि सगळा ओघ एका दमात यावा लागतो. टॅबलेटमध्ये थरथरती रेघ सरळ करून घ्यायची सोय होती. काकांनी ती दहावर ठेवली, मग चाळीसवर, मग नव्वदवर. नव्वदवर नदी सरळ आली खरी, पण पाण्याच्या पाइपसारखी. तेव्हा काकांनी नद्या काढणंच सोडलं. दुसऱ्या पुस्तकाचा देश वाळवंट झाला. तिसऱ्याची नुसती बेटं. "बेटं दिसतात छान," ते लेखिकेला म्हणाले, आणि तिने भोळेपणाने कथेतल्या सगळ्यांना जहाजात बसवलं.

"अहो, तुमच्या देशात आता माणसं तहानेने मरतील," काकू एकदा म्हणाल्या. काका हसले नाहीत.

चौथ्या पुस्तकाचा निरोप आला: "या वेळी एकच नदी. उगमापासून समुद्रापर्यंत नायिका नावेतून जाते. नदी म्हणजेच पुस्तक."

काकांनी डोंगर काढले, जंगलं भरली, सावल्या दिल्या, समुद्राला तो नावाजलेला किनारा दिला. मधोमध लांबलचक दरी तेवढी रिकामी राहिली. तीन आठवडे सबबी झाल्या. पेनचं टोक झिजलंय. टॅबलेट दुरुस्तीला टाकलाय. शेवटी एका दुपारी लेखिकाच फळं घेऊन दारात उभी. "काका, नदी माझ्यासमोर काढा ना. मला बघायचीय."

"त्यांचं आज डोकं दुखतंय," काकू चटकन म्हणाल्या.

"राहू दे गं," काका म्हणाले आणि टेबलाशी बसले.

पहिली नदी त्यांनी पुसली. दुसरी, तिसरीही. चौथ्या वेळी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. दोन्ही हात मिळून अर्ध्या दरीपर्यंत नीट आले, आणि मग रेघ सटकली ती थेट डोंगरावर. जन्मभर पाण्याला चढ चढू न देणाऱ्या माणसाचं पाणी शिखरावर जाऊन थांबलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेखिकेने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या किनाऱ्याकडे. "काका, म्हणजे तो किनारा..."

"हो."

 ती फार जपून म्हणाली, "नदी तेवढी तुमच्या त्या धाकट्या विद्यार्थिनीकडून घेऊ? बाकी सगळं तुमचंच. नावही तुमचंच छापू." ती मनापासून बोलत होती, म्हणून तर काकांना रागावताही येईना. त्यांनी मान हलवली.

चार दिवसांनी विद्यार्थिनीने थर पाठवला. त्याला तिने नुसतं 'नदी' असं नाव दिलं होतं. काकांनी तो डोंगरांच्या सावलीखाली सरकवला आणि मोठा करून वितीवितीने तपासला; हद्दीचा वाद तपासायचे तसा, चूक सापडावी म्हणून. पाणी कुठेही चढत नव्हतं. उपनद्या जिथे मिळायला हव्यात तिथेच मिळत होत्या. नदी सुरेख होती.

खाली त्या विद्यार्थिनीने दोन ओळी लिहिल्या होत्या: "काका, नदी जमली असं वाटतंय. पण किनारा काही केल्या तुमच्यासारखा येत नाही. हात किती सैल सोडला तरी. कधी जमेल हो मला?"

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. "आता काय सांगणार तिला?"

काकांनी थरथरता हात मांडीखाली दाबून धरला.

"काय सांगू? देव करो आणि तिला तो कधीच न जमो."