मोजणीत न बसलेला मुलाणी

दापोडीच्या आमच्या खोलीत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे. मी वाचायला शिकलो ते ‘उठा’, ‘जागे व्हा’ आणि ‘धिक्कार असो’ या क्रमाने. पुढे पवनेकाठच्या एका गावाच्या जमिनीवर मोठा कारखाना यायचं ठरलं. त्याआधी गावाचं काय नुकसान होईल याची पाहणी होणार होती आणि तिला कारकून हवा होता. मी धिक्कार करायला म्हणूनच ती नोकरी धरली. माझं अक्षर चांगलं होतं. हेतू कुणी विचारला नाही.

पाहणीचे साहेब मुंबईचे. त्यांचा मुक्काम चावडीत. नुकसान म्हणजे जमीन, घर, विहीर आणि झाड, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. यातलं ज्याचं काही जाईल त्याला भरपाई आणि नव्या वसाहतीत जागा. बाकीच्यांनी आपापलं बघावं. आम्ही बांधावरच्या बाभळीसुद्धा लिहून घेतल्या.

गावचा मुलाणी मात्र यात कुठेच बसेना. बकरं कापणं हे त्याचं पिढीजात काम. सुगीला खळ्याखळ्यावरून मिळणारं धान्य आणि कापलेल्या बकऱ्यातला वाटा, यावर त्याचं घर चालायचं. स्वतःची जमीन नाही, खोपटंही गावठाणातल्या सरकारी जागेवर, म्हणून घरांच्या यादीत नाही. गाव उठलं की खळी संपली आणि खळी संपली की त्याची चूल.

“सायेब, माजं काय?” त्याने विचारलं.

“तुझं जातंय काय?”

“गाव जातंय की.”

“ते तुझ्या नावावर नाही.”

बलुतेदारी म्हणजे गुलामी, असं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. तरी मी साहेबांना म्हणालो, “गुलामी मोडा, पण तिच्याबरोबर माणूस मोडू नका.”

“वाक्य छान आहे,” साहेब म्हणाले. “छापून घे.”

पाहणी संपत आली तसं पाटलाने साहेबांसाठी मटणाचं जेवण ठरवलं. पाटलाची विहीर पडकी होती. ती कागदावर पक्की व्हावी एवढीच त्याची माफक इच्छा. चिंचेखाली बकरा बांधला, वाटण झालं, चुलीवर कांदा पडला. मुलाणी आला आणि रिकाम्या हातांनी ओट्यावर बसला.

“सुरी कुठंय रं?” पाटील म्हणाला.

“घरी हाय. मोजणीत घेतली न्हाई म्हणून रुसलीया.”

“मर्दा, सायेब उपाशी हायेत!”

“मग जेवू घाला की. मी कोन अडवनार? मी गावात हायच कुठं?”

साहेब वैतागले. “दुसऱ्या कुणाला सांगा ना. एवढे गडी उभे आहेत.”

गडी एकदम चिंचेचा शेंडा बघायला लागले. पाटील साहेबांपाशी वाकला. “तसं चालत न्हाई, सायेब. मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याबिगर आमच्यात कुणी मटान तोंडाला लावत न्हाई. देवीचा बकरासुदिक त्योच कापतो.”

“अहो, पण तुम्ही हिंदू ना?”

“व्हय. म्हणून तर.”

हीच वेळ आहे असं समजून मी उभा राहिलो. “साहेब, श्रमणाऱ्या माणसाचं नुकसान जमिनीत मोजता येत—”

“पत्रकवाले,” मुलाणी म्हणाला, “भाषान मटान शिजंपर्यंत झाकून ठेवा. आदी लिवा.”

आतून पाटलीणबाई ओरडल्या, “कांदा करपला! काय ठरतंय, का ठेचा-भाकर वाढू?”

साहेबांनी बकऱ्याकडे पाहिलं, आतल्या चुलीकडे पाहिलं आणि शेवटी नाइलाजाने माझ्याकडे. “लिही. पिढीजात धंदा बुडतो. वसाहतीत जागा.”

मी लिहिलं. साहेबांनी सही ठोकली. मुलाणी तरीही जागचा हलेना.

“मोठ्यानं म्हना, सायेब. गावानं ऐकाया पायजे.”

साहेबांनी तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. मग तो उठला आणि सुरी आणायला घरी गेला.

साहेब बोटं चाटून जेवले आणि पाटलाची विहीर पडकीच लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीसाठी गावच्या न्हाव्याला बोलावलं. न्हावी आला, रामराम केला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याचेही हात रिकामे होते.