लक्ष ठेवजा

कॉफीचा करपट वास आला की राजापेठेतला तो कॅफे आठवतो. तिथे सगळे वायफायवर काम करत बसायचे, फोनवर बोलायचं तर बाहेर जायचं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला फोन आला. "दादा, लॅपटॉपकडे लक्ष ठेवजा," म्हणून ती पायऱ्यांवर गेली. तिच्या कॉफीवर साय धरली. मग लॅपटॉपवर कॉल आला, पडद्यावर 'आई'. "उचला ना भाऊ, कवाचा वाजून राहिला," मालक म्हणाला. परक्याच्या लॅपटॉपला हात कसा लावायचा? मी बाहेर पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. शटर ओढेपर्यंत मी बसलो. ती आलीच नाही. परवा अकोल्यातल्या कॅफेत एकीनं तसंच सांगितलं आणि ती फोन घेऊन बाहेर गेली. मी लॅपटॉपकडे पाठ केली आणि ती दिसत राहील असा दारात जाऊन उभा राहिलो.