सुनेनं मशीन अडवलं त्या सकाळची गोष्ट

माझ्या सुनेला भरल्या इस्पितळात अडेलतट्टू म्हणणारे गृहस्थ मोठे डॉक्टर आहेत, म्हणून मी गप्प बसावं, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मी नाही बसणार.

सून कर्करोगाच्या इस्पितळात तळघरात काम करते. तिथलं मशीन गाठीवर किरणं सोडतं. डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच सुटतात का, हे पहिला रोगी आत जायच्या आधी ती रोज तपासते. प्लास्टिकच्या जाड लाद्या रचायच्या, त्यांच्या पोटात बोटाएवढी मोजनळी सरकवायची, दार लावून किरणं सोडायची, आकडा बघायचा. नळीत हवा असते. हवा विरळ असली की आकडा कमी दिसतो, म्हणून हवेचा दाब बघून तो दुरुस्त करायचा. भाजी निवडता निवडता तिनं हे मला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय.

त्या दिवशी दाबमापक बिघडला. साहेब, म्हणजे तेच मोठे डॉक्टर, म्हणाले, "मोबाइलवर हवामान बघा, तो दाब घाला." घातला. मशीन शंभराच्या जागी त्र्याण्णवच देतंय असं निघालं.

"वाढवा मग!"

सून हलेना. "साहेब, मोबाइलवाले दाब समुद्रकाठच्या हिशेबानं सांगतात. आपण डोंगरावर, इथं हवा विरळ. मशीन ठीक आहे, दाब चुकीचा घातलाय."

"बाहेर चौदा माणसं ताटकळलीत आणि तुम्ही मला भूगोल शिकवता?"

"खात्री होईपर्यंत कुणाला आत घेणार नाही."

त्या चौदांत माझी धाकटी जाऊ होती, सोबतीला मी. गळ्याला किरणांची एकविसावी खेप, थुंकी गिळतानाही डोळे भरायचे. त्या गळ्यावर वर आणखी सात टक्के भाजायला निघाले होते, आणि तेही घाई आहे म्हणून!

सुनेनं गावातल्या कॉलेजातून दुसरा दाबमापक मागवला. दीड तास गेला. लोक कुरकुरले. साहेब बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाले, "या अडेलतट्टू बाईंमुळे उशीर होतोय." माझं डोकंच फिरलं. जावेनं माझा पदर ओढला आणि बसक्या आवाजात म्हणाली, "सून अगदी तुमच्यावर गेलीय हो."

"सून सासूवर कशी जाईल गं?"

"लागण झाली असेल."

दाबमापक आला. पुन्हा मोजलं. साडेनव्व्याण्णव. साहेबांनी कागद पाहिला, "करा सुरू," म्हणाले आणि निघून गेले. चुकलो म्हणायला जीभ उचलत नाही यांची!

वर दुसऱ्या दिवशी सुनेलाच नोटीस. उशिराचा लेखी खुलासा द्या. मागोमाग निरोप, मोबाइलचा उल्लेख टाळा.

"टाळ बाई, नोकरीचा प्रश्न आहे," माझा मुलगा म्हणाला.

सून माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही काय म्हणता?"

"काकूचा गळा आठव, आणि लिही."

तिनं मोबाइलवरचा दाब पहिल्याच ओळीत लिहिला, सही केली, आणि सकाळची तपासणी चुकायला नको म्हणून चहा अर्धा टाकून निघाली.