डावीकडे न वळणारं मशीन

देवळाली कॅम्पच्या बाजारात आमचं एसटीडी बूथ होतं. पप्पा लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांनी ते सुरू केलं. रविवारी फोनचा दर कमी असायचा, म्हणून ट्रेनिंगला आलेले जवान घरी फोन लावायला त्या दिवशी रांग लावायचे. रांग शेजारच्या टेलरच्या पायरीपर्यंत जायची आणि टेलर कुरकुरायचा. या मंडळींचा वेळ जावा म्हणून पप्पांनी मुंबईहून व्हिडिओ गेमचं एक जुनं मशीन आणलं. कपाटाएवढं उंच, आणि एकाच पेटीत नऊ गेम. सुरू केलं की पडद्यावर यादी यायची, दांडी वरखाली करून हवा तो गेम निवडायचा.

मी तेव्हा नववीत होते. पप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं, हे गिऱ्हाइकांसाठी आहे, तू हात लावायचा नाहीस. पुढच्या वर्षी दहावी, एवढं एकच कारण त्यांनी दिलं.

पण दुपारी दोन ते चार पप्पा जेवून आडवे व्हायचे आणि बूथवर मी बसायचे. त्या वेळी जवान वर्गात असत, बाजारात चिटपाखरू नसे. पेटीच्या मागच्या दाराची किल्ली खणातच असायची. आत एक लाल बटण होतं, ते दाबलं की नाणं न टाकता गेम सुरू होई. आवाज पप्पांनी आधीच काढून टाकला होता, कारण फोनवर बोलणाऱ्याला पलीकडचं ऐकू येत नसे. त्यामुळे मी जे काही खेळले ते मुक्यानेच.

नऊपैकी मला एकच गेम आवडायचा. भुलभुलैयातून ठिपके गोळा करत पळायचं आणि मागे लागलेल्यांच्या हाती सापडायचं नाही. हात बसला तशी मी पुढे पुढे जाऊ लागले. मात्र वीसेक मिनिटं झाली की दांडी डावीकडे जाईनाशी व्हायची. वर, खाली, उजवीकडे सगळं ठीक, डावीकडे नाही. समोरून कोणी येतंय, डावीकडे रस्ता मोकळा दिसतोय, मी दांडी दाबून धरलीय, आणि जाग्यावर मरतेय. रोज. रडू यायचं, पण रडून सांगणार कोणाला?

जवानांचंही तेच व्हायचं. ते पेटीवर थापा मारायचे, पप्पांकडे तक्रार करायचे. पप्पांनी आयुष्यभर वायरलेस सेट दुरुस्त केलेले. ते दांडी खोलायचे, आतले स्विच पुसायचे, पुन्हा बसवायचे, आणि ती चालायची. चालणारच, कारण तेवढ्या वेळात मशीन थंड झालेलं असायचं. पप्पा म्हणायचे, ही पोरं दांडी पिळतात, मशीनमध्ये दोष नाही. मला दोष माहीत होता. पण तो सांगायचा तर आधी चोरून खेळते हे सांगावं लागणार होतं. पाच-सहा आठवडे मी गप्प बसले आणि पप्पा दर सोमवारी तीच दांडी खोलत राहिले. बघवायचं नाही.

मग एका रविवारी एका जवानाचा घरी फोन लागला नाही. तीनदा प्रयत्न करून तो मशीनकडे वळला, तर मशीनही डावीकडे जाईना. त्याने बुटाची लाथ घातली आणि खालचा प्लाय फुटला. पप्पा सगळ्या रांगेसमोर त्याच्यावर ओरडले. तो बिचारा मान खाली घालून माफी मागत राहिला. संध्याकाळी पप्पा फुटका प्लाय चिकटवत बसले होते, तेव्हा मला राहवेना.

"पप्पा, ते गरम झालं की डावीकडे जात नाही," मी म्हटलं. "वीस मिनिटांनी."

ते वर न बघता म्हणाले, "तुला कसं माहीत?"

माझी नजर खणाकडे गेली. त्यांनी उठून खणातली किल्ली काढली आणि खिशात टाकली. मशीन गरम करून बघितलं नाही. एवढं धाडस करून मी सांगितलं आणि त्यातून फक्त किल्ली गेली.

पुढे नाशिकरोडहून एक मेकॅनिक आला. मशीन अर्धा तास चालू ठेवून त्याने निदान केलं, गरम झालं की डाव्या स्विचच्या वायरीचा सोल्डरिंगचा डाग सुटतो. नवा डाग दिला, चहा प्यायला, गेला. नंतर आठवडाभर पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की माणूस हुशार आहे, बरोबर ओळखलं. मी आईजवळ चिडले, तर आई म्हणाली की आता परत काढू नकोस, त्यांना लागेल. मला लागलं होतं त्याचं काय, हे मी विचारलं नाही. किल्ली शेवटपर्यंत पप्पांच्या खिशातच राहिली.

मी गंगापूर रोडला कॉलेजात जायला लागले तोवर जवानांच्या हातात मोबाइल आले होते. रांग संपली. मशीनवर फोनच्या डायऱ्या आणि जुनी वर्तमानपत्रं साठली. शेवटी सटाण्याकडचा एक ढाबेवाला ते घ्यायला टेम्पो घेऊन आला.

"हाई चालू शे ना?" त्याने विचारलं.

पप्पांनी किल्ली काढली, मागचं दार उघडून बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खेळून दाखव त्यांना. तुला येतं."

मी उभी राहिले. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. दांडी लोण्यासारखी डावीकडे वळत होती. नववीत रोज जिथे मरायचे तो टप्पा मागे पडला, पुढे भिंतींचा रंग बदलला. तो मी कधी पाहिला नव्हता. हातात एक जीव अजून शिल्लक होता.

"बस, पटनं," ढाबेवाला म्हणाला आणि त्याच्या ड्रायव्हरने प्लग ओढला. पडद्यावर एक पांढरा ठिपका उरला, तोही विझला. मी दांडी तशीच धरून होते, ड्रायव्हरने बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा सोडली.

टेम्पोत दोर आवळून झाल्यावर पप्पांनी विचारलं, "अजून किती राहिलं होतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. त्या दिवशी कॉलेजला जाताना बसमध्ये खिडकी लावण्यावरून मी एका बाईंशी भांडले. त्यांची काहीएक चूक नव्हती.