मूळ आवाज ठेवायचा का?

‘सोपं’ हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. अगदी सोपं आहे, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, असं कुणी म्हणालं की मी त्या वस्तूपासून चार हात लांब राहते. याला कारण आमच्या घरातली एक डीव्हीडी. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची. दोन हजार चार-पाचच्या सुमारास माझ्या नवऱ्याने ती घरच्या घरी बनवली, आणि अजूनही आल्यागेल्याला तो ते कौतुकाने सांगतो.

लग्न माझ्या माहेरी झालं, भाईंदरच्या गोडदेवला. आम्ही तिथले जुने आगरी. एके काळी आमची भातशेती होती, थोडं मिठागर होतं. त्यावर आता बिल्डिंगी आहेत आणि त्यातल्याच एकीत माझा भाऊ राहतो. माझी आई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले म्हणणारी बाई. आमच्याकडे मांडव घालण्यापासून प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला असतो, आणि तो म्हटल्याशिवाय विधी झाला असं जुनी माणसं धरत नाहीत. आईला सगळे तोंडपाठ होते. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. आम्हा मुलींना शाळेत घातलं, आम्ही नोकऱ्यांना लागलो, आणि तिच्या मागे ते म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.

पहिला धवला बोलावण्याचा. आधी गावदेवाला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, की मांडवात या, पोरीला हळद लागतेय. आमचे वडील त्याआधीच गेले होते. आईने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तरी ती मला पुढे ढकलायची. पण धवल्यात नाव घ्यावंच लागतं. बहिणीच्या हळदीला तिने ते घेतलं, सगळ्या मांडवासमोर, न अडखळता. मी शेजारी हळदीची वाटी धरून बसले होते. समोर स्टुलावर उभा राहून माझा नवरा नव्या हँडीकॅमने ते टिपत होता. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आता हा आवाज कुठे जात नाही.

माझा नवरा गिरगाव सोडून भाईंदरला आलेल्या घरातला. आमचं ऑफिसात जमलं. त्याच्या घरी भाषा फार शुद्ध. माझ्या माहेरचं ‘हाय-न्हाय’ ऐकलं की सासूबाई कौतुकाने हसायच्या, लहान मूल बोबडं बोलल्यावर हसावं तशा. नवरा हसायचा नाही. तो ऐकायचंच बंद करायचा.

कॅमेऱ्यापाठोपाठ कॉम्प्युटर आला, आणि फिल्म आपणच कापायची असं त्याने ठरवलं. केबिन रोडवरच्या व्हिडिओवाल्याला देऊन टाकू, असं मी म्हटलं तर म्हणाला, ‘ते लोक काहीही करतात. आपल्याला घरगुती, साधं करायचंय. फक्त सॉफ्टवेअर सोपं पाहिजे.’ मग सोप्याचा शोध सुरू झाला. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीड्या, ऑफिसातल्या कुणीकुणी दिलेल्या सीड्या, सगळ्या घालून बघून झाल्या. मी पोळ्या लाटता लाटता मान वळवून बघायचे.

पहिलं सॉफ्टवेअर मला आवडलं होतं. त्यात पडद्यावर खाली आडवे पट्टे होते. एकात चित्र, एकात आवाज, एकात वरून टाकलेलं गाणं. प्रत्येकाचा आवाज वेगळा लहान-मोठा करता यायचा. आईचा धवला निळ्या रेघांनी दिसत होता, उंच-ठेंगण्या. मी पिठाचं बोट पडद्यावर ठेवून म्हटलं, ‘ही बघ आई.’ तो म्हणाला, ‘अगं पडदा खराब होईल. आणि हे शिकायला महिना जाईल माझा.’ दुसरं दर थोड्या वेळाने हँग व्हायचं, त्याबद्दल काय बोलायचं. तिसरं केबिन रोडवरच्या कॉम्प्युटरवाल्याने दिलं. मी बरोबरच होते. तो म्हणाला, ‘भाभी, ये सबसे ईज़ी है. गाना डालो, बटन दबाओ, पिक्चर तैयार.’ नवऱ्याचा चेहरा असा खुलला की विचारायची सोय नाही.

ते खरंच सोपं होतं. सगळी टेप ते स्वतःच बघायचं, अंधारलेलं, हललेलं, लांबलेलं ते स्वतःच काढून टाकायचं, दोन दृश्यांच्या मध्ये पाकळ्या, फुलपाखरं, बदाम घालायचं, आणि वरून आपण देऊ ते गाणं लावायचं. लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी असायलाच हवीत, हे आमच्या भागात सगळ्यांनाच पटलेलं होतं. नुसत्या मांडवातला आवाज ठेवला तर लोक म्हणायचे, एडिटिंग राहिलं वाटतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटी एक बारीक रिकामा चौकोन होता आणि त्यापुढे इंग्रजीत विचारलेलं होतं, मूळ आवाज ठेवायचा का? ठेवायचा असेल तर चौकोनात टिक करायची. न केल्यास नाही, असं सॉफ्टवेअरने आपल्या बाजूने ठरवूनच टाकलेलं.

मी म्हटलं, ‘टिक कर. आईचे धवले आहेत.’

‘करतो ना,’ तो म्हणाला.

पण त्याच संध्याकाळी माझा भाऊ आला. बहिणीचं सासर बोरिवलीचं, माणसं बँकेतली, टापटिपीची. भावाने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘दाजी, ते आयचं गानं ठेवू नका हां. तिकडं सीडी द्यायचीय. ते लोक हसतील, काय गावठी हाय म्हणून.’ त्याच अंगणात, त्याच आईच्या धवल्यावर याचंही लग्न लागलेलं. मी संतापले, बोलले. नवरा म्हणाला, ‘तुझाच भाऊ सांगतोय, मी काय करू? आणि खरं सांगू का, कॅमेऱ्यात तो नुसता गलकाच आलाय.’ टिक करायची राहूनच गेली.

पुढच्या रविवारी भावाच्या हॉलमध्ये सगळे जमले. बहिणीच्या सासरचेही आले होते. आई नवी साडी नेसून टीव्हीसमोर अगदी पुढे बसली. अक्षरं गोल फिरत आली, पाकळ्या पडल्या, आणि हळद सुरू झाली. आईचं तोंड उघडलं आणि त्यातून त्या वर्षी रिक्षा-रिक्षातून वाजणारं एक हिंदी गाणं बाहेर आलं. पाव्हणे खूश झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘यान माजा आवाज न्हाय.’

नवरा हसून म्हणाला, ‘आई, असंच करतात हल्ली.’

तिने परत टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवरची ती मांडवात बसून तोंड हलवत होती. तर आमची आई त्या तोंडाबरोबर म्हणायला लागली. हळू आवाजात, पण बरोबर पहिल्यापासून. गावदेव झाला, आजेसासरे झाले. तेवढ्यात भाऊ म्हणाला, ‘आये, गप ना. पाव्हणे बघतायत.’ ती तिथल्या तिथे थांबली. टीव्हीवरची चालू राहिली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, टेप काढ, मला ती जशीच्या तशी उतरवून हवी. तो कपाटात शोधल्यासारखं करत राहिला. मग म्हणाला, त्या टेपवर त्याने परवाच सोसायटीचा सत्यनारायण घेतलाय. टेप परत वापरता येते, सगळेच वापरतात, फिल्म तर झाली होती ना. आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवलेलं मूळ? जागा भरली म्हणून पुसलं. मी ती टेप लावून बघितली. पूजा होती, प्रसादाची रांग होती, आणि मग खूप वेळ आमच्या मजल्यावरच्या बायका संगीत खुर्ची खेळत होत्या. त्यांचा मूळ आवाज मात्र स्वच्छ आला होता. त्या दिवशी मी जेवले नाही. त्याने दोनदा विचारलं, एवढं काय झालं?

मी कॅमेरा घेऊन गोडदेवला गेले. आई जुन्या घराच्या अंगणात बसून सुकट निवडत होती. तिला म्हटलं, एकदा म्हण, सगळे धवले, मी घेते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

‘मांडव न्हाय, नवरी न्हाय. मेलेल्या मानसांना उगीच कशाला बोलवू? आले त काय सांगू त्यांना?’

मी म्हटलं, ‘त्या दिवशी टीव्हीपुढे तर म्हणत होतीस.’

‘तवा टीवीवर मांडव होता,’ ती म्हणाली. ‘तुमीच गप केलंत.’

मी म्हटलं, पुढच्या लग्नात घेऊ. ती हो म्हणाली. पुढचं लग्न यायच्या आधीच ती गेली.

आता भावाच्या मुलाचं ठरलं तेव्हा भावानेच मला फोन केला. हळदीला आईचं काहीतरी वाजवावं असं त्याला वाटत होतं. म्हणाला, ‘हल्ली सगळे जुनं लावतात, बरं दिसतं. तुज्याकडं असेल ना तिचा आवाज?’ मी फोन ठेवून दिला. माझ्या तोंडून जे निघालं असतं ते लग्नघरात बोलायचं नसतं.

मग डीव्हीडी काढली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून लावली. हे मी अधूनमधून करते. गाणं गेलं की ती नीट दिसते. गावदेव मला तिच्या ओठांवरून ओळखू येतो. आजेसासरे, सासरे, मोठे दीर, तेही येतात. त्यानंतर वडील. वडिलांचं नाव ओठ मिटून सुरू होतं. ती पदर सावरते, आणि तिचे ओठ मिटतात. ते उघडायच्या आत पडद्याच्या मधोमध एक गुलाबी बदाम येतो, मोठा मोठा होत जातो, आणि त्याच्यातून नवरदेवाची गाडी निघते.

नवरा बाहेरून आला, चपला काढता काढता त्याने टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अगं, आवाज का बंद केलायस?’